सी-अकराचा उजवा हात

फेब्रुवारीतली रात्र होती, बाहेर उणे चौदा, आणि लॅबमध्ये मी एकटीच ठिपक्यांना नावं देत बसले होते. आमच्या कामातला निम्मा वेळ यातच जातो. माणसाच्या अंगावर करवंदाएवढे राखाडी गोळे चिकटवायचे, भोवतीचे कॅमेरे ते गोळे सेकंदाला शंभर वेळा टिपणार, आणि नंतर आपण संगणकाला सांगत बसायचं की बाबा हा डावा घोटा, हा उजवा गुडघा, हे मनगट. चार पावलं झाली की तो विसरतो आणि डाव्या पायाला उजवा म्हणायला लागतो. की पुन्हा सांगा. त्या रात्री पडद्यावर सी-अकरा चालत होता. सी म्हणजे कंट्रोल. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, पेशंटांशी तुलना करायला त्यांच्याच वयाचा, काहीही न झालेला माणूस. नाव नाही, चेहरा नाही, काळ्या पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. डाव्या मनगटाचा ठिपका झोपाळ्यासारखा पुढे-मागे जात होता. उजव्या मनगटाचा जवळजवळ जागच्या जागी. मला वाटलं, गोळा निसटून शर्टाला चिकटला असणार. होतं असं. मागे एकांचा मनगटावरचा गोळा पँटच्या खिशात जाऊन पडला होता आणि आमच्याकडच्या इंजिनियरने दोन दिवस त्या गृहस्थांचा हात कमरेतून उगवल्याचा आलेख काढला होता. म्हणून मी कोपराचा ठिपका पाहिला. तोही गप्प. व्हिडिओ उघडला. गोळा मनगटावरच होता, जिथे लावला होता तिथेच.

हातच हलत नव्हता.

सी-अकरा कोण हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं, पण मला ठाऊक होतं, कारण त्यांना आणलं होतं मीच. पेशंट आपणहून येतात, त्यांना कारण असतं. पण धडधाकट माणसाने साठी-सत्तरीत अडीच तास हाफपँट घालून अनोळखी पोरांसमोर पट्ट्यावर का चालावं? म्हणून आदल्या वर्षीच्या गणपतीत मी मंडळाच्या हॉलमध्ये पत्रकं वाटली. त्यातल्या बऱ्याचशांवर मोदकांची पातेली ठेवली गेली. एकटे काका पत्रक हातात घेऊन माझ्याकडे आले. "हे मेंदूचं काय करता ग तुम्ही?" वय ६९, साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी, धोमच्या कालव्यांचे नकाशे काढलेले. काकू गेल्यावर मुलाने ग्रीनकार्डावर इकडे आणलेले. मी समजावलं, की एक पट्टा असतो, त्याचे दोन भाग, डावा हळू आणि उजवा जोरात, त्यावर चालायचं. ते म्हणाले, "घरी बसून तरी काय करतो. चल, चालतो तुझ्या पट्ट्यावर."

आमची लॅब म्हणजे तळघरातली एक लांबट खोली. खिडकी एकच, तीही छताजवळ, तिच्यातून पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय आणि हात दिसतात. (ही जागा आम्हाला मुद्दाम दिलीय असा एक जुना विनोद आहे.) आमच्या मुख्य प्राध्यापक, ज्यांना सगळी मुलं नावाने हाक मारतात आणि मी मनातल्या मनात अजूनही 'बाई' म्हणते, त्यांना एक खोड आहे: विमानतळावर त्या कुणालाही ओलांडून पुढे जात नाहीत. मागून चालतात आणि बघतात. एकदा कॉन्फरन्सला जाताना आमचं विमान चुकता चुकता राहिलं, कारण पुढे चालणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्यातली बाई नवऱ्याच्या पावलाशी पाऊल कशी जुळवते ते यांना पाहायचं होतं. इराणी इंजिनियर घरी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आईला म्हणतो, जरा उठून पाणी आण ना. पाणी तिच्यासाठीच. त्याला तिचं खुर्चीतून उठणं बघायचं असतं. तिसरी, चीनची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक). ती कुणाशी फार बोलत नाही, पण निसटलेल्या ठिपक्यांचे तुटलेले मार्ग जोडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. गोधडीला टाके घालावेत तसे घालते. आणि एक पदवीचा विद्यार्थी, दोन तासांवरच्या मक्याच्या शेतातून आलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. गोळे चिकटवायचं काम त्याच्याकडे. परक्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडापाशी, मांडीला, घोट्याला हात लावायचा म्हणजे नवी पोरं बावरतात, भराभर उरकतात, आणि समोरचा आणखी आखडतो. हा मात्र आधी खांद्यावर सावकाश हात ठेवतो, सांगतो, मग हात न उचलता खाली येतो. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, गाईंकडून. अचानक पायाला हात लावला की लाथ बसते.

काकांचे गोळे त्यानेच लावले. उजव्या हातातली पोवळ्याची अंगठी काही निघेना, ती कॅमेऱ्यात चमकू नये म्हणून तिच्यावर काळी टेप गुंडाळली. काका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "मंगळ झाकला पोराने." त्याआधी प्रश्नावली झाली होती. मेंदूचा काही आजार? नाही. चक्कर, पडणं? नाही. कुठे दुखतं का? "उजवा खांदा जरा धरलाय." मी लिहून घेतलं. मी मुळातली फिजिओथेरपिस्ट, नाशिकला तीन वर्षं प्रॅक्टिस केलेली, त्यामुळे राहवलं नाही. दाराला दोरी अडकवून करायचे व्यायाम तिथल्या तिथे करून दाखवले. काका नीट बघत होते. मग संमतीपत्र: नऊ पानं, प्रत्येक पानाखाली आद्याक्षरं आणि शेवटी पूर्ण सही. मी घड्याळाकडे बघत होते.

त्या रात्री व्हिडिओ बंद केल्यावर मी कुलुपाचं कपाट उघडून ती नऊ पानं काढली. पहिल्या पानावरची अक्षरं ठसठशीत, जुन्या नकाशांवर असतात तशी सरळ उभी. तिसऱ्यावर जरा आखडलेली. सहाव्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी. शेवटची सही ओळीवर मुंग्या चालल्यासारखी सुरू होत होती आणि पुढे पुढे बारीक होत कागदात विरत होती.

बारीक होत जाणारं अक्षर, एकाच बाजूचा न हलणारा हात, आणि त्याच बाजूचा धरलेला खांदा. पार्किन्सनमध्ये कंप दिसायच्या आधी खांदा धरतो, लोक हाडांच्या डॉक्टरकडे जातात, आणि महिनोन्‌महिने शेक घेत बसतात, हे मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात पाठ केलं होतं. आणि मी त्यांना दोरीचे व्यायाम दिले होते.

आजोळी नाशिकच्या वाड्यात लाकडी जिना होता. अंधारात बसून आम्ही पोरं पैज लावायचो, कोण वर येतंय. मामा दोन दोन पायऱ्या घ्यायचा. आजोबा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे. आजी वर यायच्या आधी तिच्या दम लागल्याचा आवाज यायचा, आणि भाडेकरू काकूंच्या जोडव्यांचा. आपल्याकडे याला चाहूल म्हणतात. लॅबमध्ये मी हा शब्द इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला आणि फसले, कारण तो पावलांचा आवाजही आहे आणि काहीतरी येणार आहे याची कुणकुणही, आणि आपण बोलताना ते दोन वेगळे काढत नाही. इंजिनियरने सांगितलं, यावर प्रयोग झालाय. १९७३ साली स्वीडनच्या युहान्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या सांध्यांवर दिवे लावून त्यांना अंधारात चालवलं. ठिपके थांबलेले असताना काही कळत नाही, हलायला लागले की क्षणात कळतं, माणूस आहे. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत दोघांनी दाखवलं की मित्र मित्राला नुसत्या ठिपक्यांवरून अंदाजपंचेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा ओळखतात. मला ते वाचून वाटलं, आमच्या जिन्यावर दिवेसुद्धा नव्हते.

एका रविवारी लॅबमधल्यांनी माझ्याच हाताला गोळे लावले होते. विषय निघाला होता रशियातल्या बर्नस्टाइनचा. १९२०च्या दशकात मॉस्कोत त्याने छिन्नीवर हातोडी मारणाऱ्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून चित्रं घेतली. घाव दरवेळी बरोबर बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट दरवेळी थोडे निराळे फिरायचे. मी म्हटलं, भाकरीचंही तसंच असणार. झालं. बाईंच्या डोळ्यांत चमक. मी इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ आणलं, मनगटापासून नखांपर्यंत गोळे चिकटवून घेतले आणि परातीत बारा भाकऱ्या थापल्या. बारा भाकऱ्या, हाताचे बारा वेगळे मार्ग, आणि गोल मात्र (नववी सोडली तर) सारखाच. भाजायला तिथे मायक्रोवेव्हशिवाय काही नव्हतं, म्हणून सगळं पीठ घरी नेऊन पुन्हा थापलं आणि सोमवारी डब्यात लसणाच्या चटणीबरोबर आणलं. पोस्टडॉकने विचारलं, कुणी शिकवलं? आजी एवढंच म्हणायची: "हात फिरव, आपसूक येतं." दोन आठवडे पिठाचे कण त्या गोळ्यांच्या खाचांत होते आणि कॅमेऱ्यांना ते नीट दिसत नव्हते. तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर चर्चा झाली होती.

पण आमचं खरं काम सकाळी सातला चालू होतं. पेशंटांना आदल्या रात्रीपासून गोळी न घेता बोलावतात, म्हणजे औषधाचा असर उतरलेला असतो. बायको गाडी चालवत आणते. दारातून टेबलापर्यंतचं वीस पावलांचं अंतर कापायला कधी कधी पाच मिनिटं. आमच्याकडे नेहमी येणारे एक गृहस्थ आहेत, पूर्वीचे हायस्कूलचे बँडमास्तर. दाराच्या चौकटीत त्यांचे पाय जमिनीला खिळतात. वरचं अंग पुढे निघतं आणि पाय मागे राहतात. म्हणून दारापासून आत आम्ही जमिनीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या आहेत, हात-हात अंतरावर. पट्टी दिसली की पाऊल उचलतं, पुढची दिसली की पुढचं. लंडनमधल्या पर्डन मार्टिन या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात हे लिहून ठेवलं आहे. आतून पाऊल सुचत नाही, पण समोर रेघ दिसली की तेच पाऊल दुसऱ्या वाटेने पायात उतरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शहारा आला होता. आता मी फक्त टेप उखडली आहे का ते बघते.

चाचण्या संपल्या की ते गोळी घेतात आणि पुढचा पाऊणएक तास सगळे वाट बघतात. लॅबमधला हा सगळ्यात चांगला वेळ. काही करायचं नसतं. शेतकऱ्याचं पोर बिस्किटं काढतं, गप्पा हवापाण्याच्या, मक्याच्या भावाच्या. आणि बोलता बोलता बँडमास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू भाव यायला लागतात. आधी भुवया, मग आवाज मोठा होतो, मग हात बोलण्याबरोबर उडायला लागतात. त्या गोळीतलं औषध म्हणजे लेव्होडोपा. हेच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतं आणि आपले वैद्य ती कंपवातावर देत आले, हे मी एकदा त्यांना सांगितलं. लहानपणी मामाने माझ्या फ्रॉकमध्ये खाजकुइली टाकली होती हेही सांगितलं. ते इतके हसले की त्यांच्या बायकोने डोळे पुसले.

अशा ठिकाणी रोज काम करणारी मी, आणि काकांचा हात मला समोर दिसला नव्हता. ते माझ्यापुढून चालत गेले, वळले, परत आले. मी 'मंगळ झाकला'वर हसत होते. माणूस काढून टाकून नुसते ठिपके उरले तेव्हा कुठे दिसला.

दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. मग म्हणाल्या, आपण निदान करत नाही, चौथ्या पानावर आपणच तसं लिहिलंय, खांद्यामुळेही असेल, मी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवते, आपल्या अभ्यासातल्या न्यूरॉलॉजिस्टना व्हिडिओ दाखवते, तोवर कुणी काही बोलायचं नाही. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. चुकीचं सांगून एखाद्याची वर्षाची झोप उडवता येते. माझं फिजिओचं लायसन्सही इथे चालत नाही. पण या सगळ्यात सात आठवडे गेले. मला राहून राहून जेम्स पार्किन्सन आठवत होता. १८१७ साली लंडनच्या त्या डॉक्टराने ज्या सहा माणसांवरून हा आजार लिहिला, त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले आणि एक तर नुसता लांबून दिसलेला. त्याला कुठल्या समितीला विचारावं लागलं नाही. अर्थात त्या लांबून दिसलेल्या माणसाला कुणी जाऊन काही सांगितलं का, तेही कुठे लिहिलेलं नाही.

मधेच पाडवा आला. मंडळाच्या हॉलमध्ये फोल्डिंगच्या टेबलाला बांधलेली गुढी, कागदी ताटल्यांत श्रीखंड. काका समोरून आले आणि मी त्यांचा चेहरा पाहायच्या आधी हात पाहिला. हात शिवून टाकल्यासारखा अंगाशी. ते मोठ्याने म्हणाले, "काय ग, सापडला का माझा मेंदू?" आसपासचे हसले. मी म्हटलं, "डेटा बघतेय अजून, काका." आणि पुऱ्या आणायला गेले.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. तोवर न्यूरॉलॉजिस्ट त्यांच्याशी बोलले होते, त्यांच्या डॉक्टरांना पत्र गेलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, गोळ्या सुरू झाल्या होत्या. काका थेट म्हणाले, "तुला कधी दिसलं?"

"फेब्रुवारीत."

पलीकडे नातवाचा टीव्ही चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"मला गणपतीच्या आधीच दिसलं होतं," ते म्हणाले. "सातारच्या बँकेने चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणून. माझी सही! पस्तीस वर्षं त्या सहीने नकाशे पास झाले. मुलाला काय सांगणार, तो आधीच कामात. म्हटलं, ही पोरगी मेंदूचं काहीतरी करते, तिच्यासमोर चालून बघू, तिला दिसेल." मग जरा थांबून, "तू दोरीचे व्यायाम दिलेस."

ते हसत होते, हे मी शपथेवर सांगते. मला काही बोलता आलं नाही. माझ्या तक्त्यात सी-अकराची ओळ तेव्हा पिवळी करून ठेवली होती: धडधाकटांमध्ये चालत नाही, पेशंटांमध्येही नाही, कारण ते त्या गटात म्हणून आले नव्हते. नवा कंट्रोल शोधा, अशी टीप पोस्टडॉकने तिच्या नेटक्या अक्षरात शेजारी लिहिली होती.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी छताजवळच्या खिडकीतून पार्किंगमधले पाय दिसले. थोडी घासत येणारी पावलं, एक हात पुढे-मागे आणि दुसरा अंगाशी. शेतकऱ्याचं पोर माझ्याआधी म्हणालं, तुझे अंकल आले. या खेपेला ते पेशंट म्हणून आले होते, रात्रीची गोळी न घेता, मुलगा गाडी लावत होता. मी टेबलावर नवं संमतीपत्र ठेवलं. तीच नऊ पानं. त्यांनी चष्मा लावला, पानं सगळी चाळली आणि म्हणाले, "पट्टी आहे का ग? आणि पेन्सिल?"

इंजिनियरच्या खणात पट्टी सापडली. काकांनी पहिल्या पानाच्या तळाशी, सहीच्या जागी, दोन फिकट रेघा मारल्या, एकमेकींपासून पाव इंच. हात कापत होता पण पट्टीला टेकल्यावर रेघ सरळ आली. मग दुसरं पान, मग तिसरं. नऊही पानांवर रेघा मारून झाल्यावर पेन उचललं आणि त्या दोन रेघांच्या मधे, वरच्या रेघेला डोकं आणि खालच्या रेघेला पाय टेकवून, एकेक अक्षर उभं केलं. सावकाश. शेवटची सही पहिल्या आद्याक्षरांएवढीच मोठी होती. बाई दारात उभ्या होत्या, घड्याळात साडेसात होऊन गेले होते, कुणी काही म्हणालं नाही. काकांनी शाईवर फुंकर मारली, शर्टाच्या खिशातून रबर काढलं आणि रेघा पुसायला घेतल्या.